स्मीअर पॉझिटिव्ह, सीबीनॅट निगेटिव्ह : किडनी ट्रान्सप्लांटनंतरच्या गाठींबद्दल

एका डॉक्टरांचा प्रश्न थोडक्यात असा. भंडारा जिल्ह्यातले ४६ वर्षांचे शेतकरी. १४ महिन्यांपूर्वी नागपुरात किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी पत्नीने दिली. शरीराने किडनी नाकारू नये (रिजेक्शन) म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधं चालू आहेत. उजव्या पोटरीवर तीन गाठी आल्या, त्यातली एक फुटून वाहते. ताप नाही, वजन घटलेलं नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. पुवाच्या स्मीअरमध्ये (काचेवर रंगवून पाहिलेल्या नमुन्यात) एएफबी, म्हणजे टीबीच्या कुळातले आम्लधारी जंतू, दोन प्लस, सीबीनॅट (टीबीची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (अशा जंतूंभोवती जमणारा पेशींचा पुंजका). टीबी धरून पाच आठवड्यांपूर्वी एकेटीची (टीबीच्या नेहमीच्या उपचाराची) चारही औषधं सुरू केली, त्यात रिफाम्पिसिनही आलं. गाठी बसण्याऐवजी चौथी आली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.२ वरून १.९ झालं. टॅक्रोलिमस दिवसाला ४ वरून ६ मिलिग्रॅम केलं, तरी त्याची रक्तातली लेव्हल २.१ वरच आहे. आता हा एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा) टीबी समजून दुसऱ्या फळीची औषधं सुरू करायची का?

डॉक्टर, नाही. एमडीआर हा शब्द सध्या केसपेपरवर लिहूच नका, कारण तो एकदा लिहिला गेला की पुढचा प्रत्येक डॉक्टर त्याच वाटेने जातो. तुमच्या रुग्णाला टीबी असण्याची शक्यताच कमी आहे. हिशोब साधा आहे. स्मीअरमध्ये जंतू दिसायला नमुन्याच्या दर मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. दोन प्लस स्मीअर देणाऱ्या पुवात टीबीचे जंतू असते तर सीबीनॅटने ते सोडले नसते. फक्त मूळ रिपोर्ट एकदा स्वतः पाहा. त्यावर ‘एमटीबी नॉट डिटेक्टेड’ लिहिलंय की ‘इनव्हॅलिड’ अथवा ‘एरर’? पू आणि रक्तमिश्रित नमुन्यात पीसीआर अडखळते. तसं झालं की मशीन ‘इनव्हॅलिड’ म्हणतं, पण तोंडी निरोपात त्याचं ‘निगेटिव्ह’ होऊन जातं. खरोखर ‘नॉट डिटेक्टेड’ असेल, तर हे टीबी सोडून दुसरे मायकोबॅक्टेरिया, म्हणजे एनटीएम, आहेत असं धरून चाला. एक अपवाद आपल्या विदर्भात विसरता येत नाही, तो म्हणजे कुष्ठरोग. त्याकडे पुढे येतो.

गाठींच्या आधी किडनी. या घडीला खरी तातडी तिचीच आहे. रिफाम्पिसिन यकृतातलं आणि आतड्यातलं सीवायपी ३ए४ हे एन्झाइम चेतवतं, त्यामुळे टॅक्रोलिमस रक्तात टिकत नाही. लेव्हल राखायला डोस दुपटीपासून पाचपटीपर्यंत न्यावा लागतो. तुम्ही दीडपट केलात, म्हणून २.१. इतकंच नाही, प्रेडनिसोलोनही लवकर संपतं आणि मायकोफिनोलेटही रक्तात कमी पोहोचतं. म्हणजे पाच आठवडे तिन्ही औषधं कागदावर पूर्ण होती आणि शरीरात अर्धवट. क्रिएटिनिन १.९ हे रिजेक्शन आहे असं धरून आजच ट्रान्सप्लांट युनिटशी बोला. लघवीतलं प्रोटीन, डोनर-स्पेसिफिक अँटिबॉडी आणि किडनीची बायोप्सी हे दोन-चार दिवसांत ठरायला हवं. बायोप्सी न करता मिथाइलप्रेडनिसोलोनचे पल्स (स्टेरॉइडचे मोठे डोस) देऊ नका. पोटरीत जिवंत मायकोबॅक्टेरिया असताना अंदाजाने दिलेले पल्स म्हणजे चार गाठींचा तीस गाठींकडे प्रवास.

एकेटी थांबवायची का? हा रुग्ण स्थिर आहे, ताप नाही, छाती स्वच्छ आहे, आजार एका पायापुरता आहे. अशा वेळी छातीचा सीटी करून घ्यावा आणि तोही स्वच्छ निघाला तर चारही औषधं थांबवावीत, असं माझं मत आहे. त्यात दुहेरी फायदा आहे. टॅक्रोलिमस सावरतं आणि नवीन नमुन्यातून जंतू उगवण्याची शक्यता वाढते. पण ताप असता, सीटीत डाग असते, पाठीच्या मणक्याचा संशय असता, तर थांबवून चाललं नसतं. तिथे रिफाम्पिसिनच्या जागी रिफाब्युटिन घ्यावं लागतं किंवा लिव्होफ्लॉक्सासिन धरून रिफामायसिनविना (या दोन्ही औषधांच्या गटाविना) उपचार बसवावा लागतो. निदान बदललं तर निक्षयवरची (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवरची) नोंदही जिल्हा क्षयरोग कार्यालयाकडून बदलून घ्या, नाहीतर रुग्णाच्या घरी गोळ्या बंद का केल्या म्हणून फोन येत राहतात आणि घाबरून तो त्या पुन्हा सुरू करतो.

रिफाम्पिसिन बंद केल्यावरचे तीन आठवडे फार सांभाळायचे असतात. चेतवलेलं एन्झाइम शांत व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पहिले काही दिवस लेव्हल कमीच राहील, मग ती चढू लागेल, आणि ६ मिलिग्रॅमचा डोस तसाच ठेवला तर तिसऱ्या आठवड्यात ती डोक्यावरून जाईल. हात थरथरणं, साखर वाढणं, पोटॅशियम वाढणं, पुन्हा क्रिएटिनिन, हे सगळं मग टॅक्रोलिमसच्या विषबाधेचं. आठवड्यातून दोनदा लेव्हल, आणि ती चढायला लागली की डोस पायरीपायरीने जुन्या ४ मिलिग्रॅमकडे. रक्त मागच्या डोसनंतर बारा तासांनी आणि सकाळच्या डोसच्या आधी घ्यायचं. भंडाऱ्याहून पहाटेची एसटी धरणारा माणूस सवयीने सहा वाजता गोळी घेऊन निघतो आणि साडेनऊला रक्त देतो. ती लेव्हल खोटी जास्त येते. ‘गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या’ हे त्याच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या. रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञालाही दर वेळी विचारायला लावा.

आता नमुना. अशा प्रकरणांत सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. तुमची बायोप्सी पूर्णच्या पूर्ण फॉर्मॅलिनमध्ये गेली. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेल्या तुकड्यातून कल्चर (जंतू वाढवून पाहणं) कधीच होत नाही. पॅथॉलॉजिस्ट तुम्हाला ग्रॅन्युलोमा आणि एएफबी सांगेल, जंतूची जात सांगू शकणार नाही. जात कळल्याशिवाय इथे औषध ठरत नाही, म्हणून बायोप्सी पुन्हा घ्यावी लागेल. रुग्णाला आणि त्याच्या पत्नीला कारण समजावून सांगा, ते तयार होतात.

फुटलेली गाठ सोडा, न फुटलेली निवडा. वाहत्या जखमेवर त्वचेचे इतर जंतू बसलेले असतात आणि ते कल्चर बिघडवतात. त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसून कोरडी होऊ द्या. जागा नळाच्या पाण्याने धुऊ नका, कारण नळाच्या पाण्यातच एनटीएम असतात आणि मग उगवलेला जंतू रुग्णाचा की नळाचा हे कुणालाच सांगता येत नाही. पंच बायोप्सी घेणार असाल तर ६ मिलिमीटरचा आणि चरबीपर्यंत खोल घ्या. शक्य असेल तर सर्जनकडून लहानशी इन्सिजनल बायोप्सी त्याहून बरी, कारण जंतू बहुधा खालच्या थरात असतात. ट्रेवर सुरुवातीपासून दोन बाटल्या ठेवा : एकीत फॉर्मॅलिन, दुसरी निर्जंतुक, तळाशी एक-दोन मिलिलिटर स्टराइल सलाइन. तुकडा ब्लेडने तिथेच अर्धा करा आणि सलाइनची बाटली आधी भरा. हे ‘आधी’ महत्त्वाचं, कारण सवयीचा हात फॉर्मॅलिनकडे जातो. मऊ गाठीत पू असेल तर सुईने ओढून सिरिंजमधून निर्जंतुक बाटलीत घाला. स्वॅब पाठवू नका. मायकोबॅक्टेरियाचं मेणचट आवरण कापसाला चिकटून बसतं आणि नमुनाही थेंबभर असतो. नमुना त्याच दिवशी नागपुरात पोहोचावा. उशीर होणार असेल तर आइसपॅकच्या डब्यात २ ते ८ अंशांवर ठेवा, गोठवू नका.

मागणीपत्रावर नुसतं ‘एएफबी कल्चर’ लिहिलं तर प्रयोगशाळा टीबी शोधते आणि टीबीच्या पद्धतीने शोधते. ट्रान्सप्लांटचा रुग्ण आहे, एएफबी दिसले आहेत, एनटीएमचा संशय आहे, नमुना बंद गाठीतून निर्जंतुकपणे घेतलेला आहे, ३७ आणि ३० अशा दोन्ही तापमानांवर लावा, एका माध्यमात हेमिन (लोहयुक्त पदार्थ) घाला, नोकार्डिया (अशाच गाठी करणारा दुसरा जंतू) आणि बुरशीचंही कल्चर करा, एवढं सगळं लिहा. मग फोन करून सांगा. फोन जास्त उपयोगी पडतो.

प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे. थुंकीवर करतात तशी सोडियम हायड्रॉक्साइडची धुलाई बंद गाठीच्या तुकड्याला लागत नाही, आणि झपाट्याने वाढणारे एनटीएम त्या धुलाईत मरतात. एनटीएममधल्या किलोनी, मॅरिनम आणि हीमोफिलम या जातींना ३० ते ३२ अंश हवे असतात. म्हणूनच तर त्या हातापायांच्या गार त्वचेत गाठी करतात. एमजीआयटी हे कल्चरचं मशीन ३७ अंशांवर चालतं, त्यात यांच्यापैकी काही उगवतच नाहीत आणि ४२ दिवसांनी ‘नो ग्रोथ’ येतं. हीमोफिलमला लोह लागतं; चॉकलेट अगारवर किंवा हेमिन घातलेल्या माध्यमावर ती येते, साध्या एलजेवर (टीबीच्या नेहमीच्या माध्यमावर) येत नाही. तिच्यासाठी प्लेट ८ आठवडे ठेवावी लागते.

उलट ॲबसेसस, किलोनी आणि फॉर्च्युटम या तीन जाती आठवड्याच्या आत उगवतात, आणि गंमत अशी की साध्या ब्लड अगारवरही उगवतात. फक्त प्लेट तेवढे दिवस ठेवायला हवी. अठ्ठेचाळीस तासांनी पाहिलं तर जेमतेम दिसेल न दिसेल असे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतात. चौथ्या दिवशी तेच पांढुरके, कोरडे, खरखरीत कडांचे होतात. ग्रॅम स्टेनमध्ये हे जंतू फिके, मण्यांसारखे तुटक दिसतात, आणि घाईत त्यांना ‘डिफ्थेरॉइड, बहुधा कंटॅमिनेशन’ म्हणून सोडून दिलं जातं. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाच्या बंद गाठीतून डिफ्थेरॉइड आले असं कळलं तर प्लेट फेकू देऊ नका, त्याच वसाहतीचा झेडएन स्टेन (आम्लधारी जंतू दाखवणारा रंग) करायला सांगा.

कल्चर वाढलं की पहिली चाचणी एमपीटी ६४ अँटिजेनची पट्टी, पंधरा मिनिटांची. रेघ आली तर टीबी, नाही आली तर बहुतेक वेळा एनटीएम. ‘एनटीएम’ एवढ्या रिपोर्टवर थांबू नका. तो आडनाव सांगतो, माणूस नाही. लाइन प्रोब असेने (जनुकांवरून) किंवा मॅल्डी-टॉफने (प्रथिनांवरून) जात ओळखता येते. ॲबसेसस निघाली तर तिची उपजातही हवी, आणि ती मॅल्डी-टॉफला खात्रीने ओळखता येत नाही. त्यासाठी एनटीएमचा खास लाइन प्रोब किंवा जनुकाचं सीक्वेन्सिंग लागतं. नागपुरात टीबीची इंटरमिजिएट रेफरन्स लॅबोरेटरी आहे, तिथल्या मायक्रोबायोलॉजिस्टशी बोलून कोणती चाचणी इथे होईल आणि कोणती बाहेर पाठवावी लागेल ते आधीच ठरवा. बाहेर पाठवायचंच झालं तर आग्र्याची जालमा ही या कामातली जुनी संस्था आहे.

इथे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर पुन्हा येतं. एनटीएमला टीबीच्या औषध-संवेदनशीलता चाचणीत (डीएसटी) घातलं तर आयसोनियाझिड रेझिस्टंट, रिफाम्पिसिन रेझिस्टंट असाच निकाल येतो, कारण यातल्या बहुतेक जातींवर ती औषधं मुळात चालतच नाहीत. कागदावर तो हुबेहूब एमडीआर दिसतो. ‘एकेटीला दाद नाही, डीएसटीत रेझिस्टंट’ एवढ्यावर दुसऱ्या फळीची औषधं सुरू झाली, तर जंतू तसाच राहतो आणि ट्रान्सप्लांटची किडनी नाहक भरडते. डीएसटी मागण्याआधी जात ओळखलेली असावी, हा क्रम कधी उलटू देऊ नका.

आता कुष्ठरोग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात तो आजही आहे. वरोऱ्याचं आनंदवन आणि वर्ध्याजवळचं दत्तपूर उभं राहिलं ते याच भूमीवर. त्याचा जंतूही मायकोबॅक्टेरियमच, तोही आम्लधारी, सीबीनॅट त्यातही निगेटिव्ह, आणि तो कुठल्याही कृत्रिम माध्यमावर उगवत नाही. ट्रान्सप्लांटनंतर तो गाठींच्या रूपात दिसल्याची उदाहरणं आहेत. म्हणून आजच, बायोप्सीची वाट न पाहता, कोपरामागची अल्नर नस, गुडघ्याच्या बाहेरची कॉमन पेरोनिअल आणि मानेवरची ग्रेट ऑरिक्युलर बोटांनी चाचपून पाहा. कानाच्या पाळ्या जाड झाल्यात का, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्यात का, गाठीवर आणि तळपायाला स्पर्श कळतो का, तेही पाहा. दोन्ही कानांच्या पाळ्यांतून स्लिट स्किन स्मीअर घ्या. पॅथॉलॉजिस्टला फाइट-फॅराको स्टेन सांगा, कारण कुष्ठाचा जंतू नेहमीच्या झेडएनमधल्या तीव्र आम्लात रंग सोडू शकतो. स्लाइडवर जंतू जुडीने बांधल्यासारखे पुंजक्यांत दिसले तर संशय पक्का करा. कुष्ठ निघालाच तर एमडीटीतलं (कुष्ठाच्या ठरलेल्या औषधांतलं) रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच असतं, त्यामुळे टॅक्रोलिमसचा गोंधळ सोसण्याजोगा राहतो. पण त्यातल्याच डॅप्सोनच्या आधी जी६पीडी हे एन्झाइम तपासाच.

जंतू दिसतात पण उगवत नाहीत, अशा वेळी तीन शक्यता उरतात : हीमोफिलम, कुष्ठ, किंवा पाच आठवड्यांच्या औषधांनी अर्धमेला झालेला जंतू. पहिल्या दोन्हींसाठी वरची तयारी, आणि तिसऱ्यासाठी रुग्ण स्थिर असेल तर औषध बंद करून दोन आठवड्यांनी नमुना. लक्षात असू द्या, नोकार्डियाही अंशतः आम्लधारी असतो आणि तोही अशाच गाठी करतो. तो एक टक्का सल्फ्युरिक आम्लात टिकतो, झेडएनच्या नेहमीच्या तीव्रतेत टिकत नाही. त्याच्या फांद्या फुटलेल्या असतात.

उपचारात सगळ्यांना लागू असलेला नियम एकच : एकट्या मॅक्रोलाइडवर (ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांच्या गटावर) कधी ठेवायचं नाही. या जंतूंच्या रायबोसोममधल्या एका बदलाने संपूर्ण मॅक्रोलाइड गट निकामी होतो, आणि ट्रान्सप्लांटच्या रुग्णात जंतूंची संख्या मोठी असल्याने तो बदल लवकर निवडला जातो. नेहमी किमान दोन चालणारी औषधं हवीत, ॲबसेससला सुरुवातीला तीन.

तुमच्या रुग्णाच्या गाठींचं रूप आणि जागा पाहता किलोनी किंवा ॲबसेसस निघण्याचा माझा अंदाज आहे. किलोनी निघाली तर बरं. तिच्यावर मॅक्रोलाइड चालतात, ॲमायनोग्लायकोसाइडमध्ये (अमिकासिनच्या गटात) टोब्रामायसिन सरस ठरतं, लिनेझोलिडही बहुतेकदा चालतं. फॉर्च्युटम निघाली तर क्विनोलोन (लिव्होफ्लॉक्सासिनचा गट) आणि कोट्रायमॉक्साझोल अशा तोंडी जोडीवर भागतं, पण तिच्यात मॅक्रोलाइड-प्रतिकाराचं जनुक असतं, म्हणून ॲझिथ्रोवर विसंबू नका. हीमोफिलमवर इथॅम्ब्युटॉल चालत नाही. तिला रिफाब्युटिन, मॅक्रोलाइड आणि सिप्रोफ्लॉक्सासिन द्यायचं. मत्स्यटाकी किंवा तळ्यातल्या मासेमारीचा इतिहास असेल तर मॅरिनम, आणि तिला मॅक्रोलाइड व इथॅम्ब्युटॉल पुरतं.

ॲबसेसस मात्र अवघड आहे. तिच्या ॲबसेसस या उपजातीत ईआरएम ४१ नावाचं जनुक असतं. ते मॅक्रोलाइड समोर आल्यावर जागं होतं आणि काही दिवसांत प्रतिकार उभा करतं. म्हणून क्लॅरिथ्रोमायसिनची चाचणी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ‘ससेप्टिबल’ येते आणि चौदाव्या दिवशी ‘रेझिस्टंट’. पहिला निकाल पाहून औषध ठरवलं की तीन महिन्यांनी गाठी परत. प्लेट चौदा दिवस ठेवूनच अंतिम रिपोर्ट द्या असं लेखी सांगा, आणि चाचणी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनचीच मागा. डिस्क लावून केलेल्या चाचणीवर इथे भरवसा ठेवता येत नाही. मॅसिलिएन्स या उपजातीत हे जनुक तुटलेलं असतं, तिच्यावर मॅक्रोलाइड चालतं आणि निकालही खूप चांगला येतो. उपजात मागायची ती यासाठी. ॲबसेससला सुरुवातीचे काही आठवडे शिरेतून अमिकासिन आणि इमिपेनेम, सोबत मॅक्रोलाइड किंवा ते चालत नसेल तर क्लोफाझिमिन १०० मिलिग्रॅम, लिनेझोलिड, टायगेसायक्लिन यांतून निवड. आणि सर्जरी. मोजक्या गाठी असतील तर त्या काढून टाकणं हा उपचाराचाच भाग आहे, औषधं हरल्यावरचा उपाय नाही. एर्टापेनेम इमिपेनेमची जागा घेत नाही, दिवसाला एक इंजेक्शन सोयीचं वाटलं तरी.

मॅक्रोलाइडमध्ये ॲझिथ्रोमायसिनच घ्या. क्लॅरिथ्रोमायसिन रिफाम्पिसिनच्या नेमकं उलट वागतं : तेच एन्झाइम अडवतं आणि टॅक्रोलिमस दोन-तीन दिवसांत कित्येक पटींनी चढतं. तुमच्या रुग्णात रिफाम्पिसिन उतरतंय, टॅक्रोलिमस ६ मिलिग्रॅमवर आहे आणि त्यात क्लॅरिथ्रो सुरू केलं, तर दोन्ही धक्के एकाच दिशेचे बसतील. ज्या अम्लोडिपिन आणि ॲटोरव्हास्टॅटिनवर जवळपास प्रत्येक ट्रान्सप्लांटचा रुग्ण असतो, त्यांचीही पातळी चढते. बीपी पडतं, स्नायू दुखतात. ॲझिथ्रोचा हा त्रास नगण्य आहे. टॅक्रोलिमसचा खर्च वाचावा म्हणून युनिटने डिल्टियाझेम किंवा किटोकोनाझोल (हीही तेच एन्झाइम अडवतात) लावलंय का हेही विचारा. मधल्या काळात कुणी ते बंद केलं असेल तर लेव्हलचं कोडं तिथेही सुटू शकतं.

अमिकासिन वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून तीनदा, जमेल तितके कमी आठवडे, आणि क्रिएटिनिन १.९ असताना नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याखेरीज नाही. सुरू करण्याआधी ऑडिओग्राम, मग महिन्याला एक. कानात आवाज येतो म्हणाला की त्याच दिवशी थांबवा, गेलेलं ऐकू परत येत नाही. इमिपेनेमचा डोस किडनीप्रमाणे कमी न केल्यास झटके येतात. लिनेझोलिड ६०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. मायकोफिनोलेट आधीच अस्थिमज्जा दाबत असतं, त्यात हे दुसरं, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दर आठवड्याला, आणि महिन्यानंतर पायांना मुंग्या, नजर मंद, याची चौकशी प्रत्येक भेटीत. ॲझिथ्रो, मॉक्सिफ्लॉक्सासिन, क्लोफाझिमिन आणि स्वतः टॅक्रोलिमस हे चारही क्यूटी (ईसीजीवर मोजला जाणारा ठोक्यातला एक कालावधी) लांबवतात. सुरुवातीला आणि दोन आठवड्यांनी ईसीजी काढा, ५०० मिलिसेकंदांवर गेला तर एक औषध कमी करा. प्रेडनिसोलोनवर असलेल्याला क्विनोलोन दिलं तर टाचेमागच्या अकिलीस टेंडनकडे लक्ष ठेवा. क्लोफाझिमिनने अंग काळपट-तांबूस होतं हे आधीच सांगा, नाहीतर गावात नको त्या शंका सुरू होतात आणि रुग्ण गोळ्या टाकून देतो.

त्वचेपुरता आजार असेल तर ट्रान्सप्लांटच्या रुग्णात मी किमान सहा महिने धरतो, हाडात किंवा शरीरभर पसरला असेल तर वर्षभर. दोनपेक्षा जास्त अवयवांवर गाठी किंवा ताप दिसला तर रक्ताचंही मायकोबॅक्टेरियल कल्चर पाठवा.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केल्याशिवाय हे पूर्ण बरं होत नाही, आणि फार कमी केली तर किडनी जाते. बहुतेक युनिटं आधी मायकोफिनोलेट अर्धं करतात, टॅक्रोलिमसची लेव्हल ठरलेल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठेवतात आणि प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमवर आणतात. तुमच्या रुग्णात किडनीच्या बायोप्सीचा निकाल येईपर्यंत यातलं काहीही हलवू नका. पुढे औषधं कमी केल्यावर काही आठवड्यांत गाठी अचानक लाल, मोठ्या, दुखऱ्या होऊ शकतात. परतणारी प्रतिकारशक्ती मेलेल्या जंतूंवरही तुटून पडते. उपचार फसला असं समजून औषधं बदलू नका. गाठीतून पू ओढा, कल्चर लावा. उगवलं नाही तर तोच उपचार पुढे न्या. दर पंधरा दिवसांनी शेजारी पट्टी ठेवून, त्याच उजेडात गाठींचा फोटो काढून ठेवला की हा निर्णय सोपा जातो. नुसत्या आठवणीवर ‘वाढलंय’ आणि ‘कमी झालंय’ दोन्ही खरं वाटतं.

हे आलं कुठून, असं घरचे विचारतात. बहुतेक वेळा पाण्यातून आणि मातीतून. हे जंतू पाइप आणि टाक्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला सहज पुरून उरतात. पायाला काटा लागणं, चिखलात अनवाणी उतरणं, जखम नळाखाली धुणं, इन्सुलिनची सुई पुन्हा पुन्हा वापरणं, एवढी वाट पुरते. जखम उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने धुवा, शेतात गमबूट घाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घराघरात कूलर चालतो. त्याच्या टाकीत कोमट पाणी महिनोन्‌महिने साचलेलं असतं आणि पंखा त्याचेच तुषार खोलीभर उडवतो. कूलर बंद करा असं नागपुरात कुणाला सांगता येणार नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, घासा, वाळू द्या, दर मोसमात वाळा नवीन घाला. हे काम रुग्णाने करायचं नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं.

एनटीएमचा हा आजार घरातल्यांना लागत नाही. एकत्र जेवण, नातवंडांना जवळ घेणं, एका खोलीत झोपणं, काहीही बंद करायचं कारण नाही. एकेटी सुरू झाल्यामुळे त्यांचं ताट वेगळं झालं असेल, तर पत्नीला समोर बसवून हे सांगाच. आणि संत्र्यांबद्दल त्या हमखास विचारतील : आपलं नागपुरी संत्रं खायला हरकत नाही, पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र टॅक्रोलिमस चालू आहे तोवर अजिबात नको.

नवीन बायोप्सीचं कल्चर उगवलं की ते जपून ठेवायला प्रयोगशाळेला सांगा. सहा महिन्यांनी गाठ परतली तर तो जुनाच जंतू प्रतिकार कमावून आलाय की नवीन जंतू शिरलाय, हे जुनं कल्चर शेजारी ठेवल्याशिवाय ठरवता येणार नाही.